चिठ्ठ्या पोचवणारी डबी

मुलांनो, तुमच्या शाळेत संगणकाची खोली आहे ना? पुढच्या वेळी तिथं गेलात, की संगणक राहू द्या बाजूला, आधी वायरी कुठं जातात ते बघा. कोपऱ्यात कंपासपेटीएवढी एक डबी दिसेल. तिच्यात या सगळ्या वायरी खोचलेल्या आणि छोटे छोटे दिवे सारखे लुकलुकताहेत. हा इथरनेट स्विच. दिव्याच्या बटणाशी त्याचा काही संबंध नाही बरं का!

त्याचं काम कसं चालतं सांगू? समजा, शाळेत नवे शिपाईमामा आलेत. तिसरीच्या वर्गातून कुलकर्णी सरांनी चिठ्ठी दिली, "चव्हाण बाईंना द्या." बाई कुठं असतात, मामांना काय ठाऊक! मग ते तिसरी सोडून सगळ्या वर्गांत चिठ्ठी फिरवतात. पण एक गोष्ट मनात पक्की करतात, कुलकर्णी सर तिसरीत. बाईंचं उत्तर पाचवीतून आलं, की ते थेट तिसरीत पोचतं, आणि बाई पाचवीत असतात हेही मामांना कळतं. दहा-बारा चिठ्ठ्यांत सगळी शाळा पाठ!

स्विच अगदी हेच करतो. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला १२ अंक-अक्षरांचा एक पत्ता असतो. चिठ्ठी कुणाची आणि कुठल्या पोर्टातून, म्हणजे वायर खोचायच्या कुठल्या भोकातून आली, हे स्विच टिपून ठेवतो. एखादा संगणक बराच वेळ (बहुधा ५ मिनिटं) गप्प राहिला, तर त्याची नोंद पुसून टाकतो.

त्याआधी 'हब' नावाची डबी असे. तिला पाठांतर ठाऊकच नव्हतं. आलेली प्रत्येक चिठ्ठी सगळ्यांना! पहिला इथरनेट स्विच १९९० साली अमेरिकेत निघाला, ७ पोर्टांचा. कंपनीचं नाव काय असेल? 'कल्पना'! ती काढणाऱ्यांपैकी विनोद भारद्वाज हे मूळचे भारतीय, आणि कल्पना हे त्यांच्या पत्नीचं नाव.

मोठ्या कचेऱ्यांतले स्विच कपाटाएवढेही असतात. त्यांत खण असतात आणि खणात मॉड्यूल सरकवायचं. तांब्याच्या वायरीचं मॉड्यूल १०० मीटरपर्यंत पुरतं. त्याहून लांब जायचं, तर काचेच्या तंतूचं.

आता माझी फजिती. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. पाचवीच्या ९ मुलांचे अर्ज बाकी. मला एक वायर लोंबताना दिसली. तिचं एक टोक स्विचमध्ये होतंच. मी आपली नीटनेटकी! दुसरं टोकही स्विचमध्येच खोचून दिलं. झालं! सगळे दिवे एकदम थयथयाट करायला लागले आणि एकाही संगणकावर काही उघडेना. मी संगणक बंद केले, चालू केले, देवाचं नाव घेतलं. तास गेला. शेवटी सातवीतली एक मुलगी वायरीवरून बोट फिरवत म्हणाली, "बाई, ही इथूनच निघून इथंच येतेय!"

काय झालं होतं? संगणक अधूनमधून 'सर्वांसाठी' अशी सूचना काढतात. स्विचनं ती सगळ्या पोर्टांतून सोडली. त्या वायरीतून ती परत स्विचमध्येच आली. त्यानं ती नवी समजून पुन्हा सगळीकडं सोडली, ती पुन्हा आली... आणि इथरनेटच्या चिठ्ठीवर 'इतक्या फेऱ्या झाल्या की फाडा' असं कुठं लिहिलेलं नसतं. क्षणभरात लाखो चिठ्ठ्या गोल फिरायला लागल्या. खऱ्या चिठ्ठीला जागाच नाही!

यावरचा उपाय रेडिया पर्लमन या अमेरिकन बाईंनी १९८५ साली शोधला. त्यांच्या पद्धतीत डब्या आपापसात बोलतात, वर्तुळ कुठं होतंय ते ओळखतात आणि तिथला एक रस्ता आपणहून बंद ठेवतात. चालू रस्ता तुटला, की बंद ठेवलेला उघडतात. या शोधावर पर्लमनबाईंनी एक कविताही केली. आमचा स्विच स्वस्तातला, त्याला ही विद्या येत नव्हती. त्याच्यापाशी होतं ते त्या मुलीचं बोट. वायर उपटली आणि संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ अर्ज गेले.

आता तुमच्यासाठी कोडं. मोहनच्या संगणकाची वायर ३ नंबरच्या पोर्टातून काढून ७ नंबरमध्ये खोचली. मोहन गप्पच आहे आणि ३ नंबरमध्ये तेवढ्यात दुसऱ्याची वायर लागली. मोहनसाठी चिठ्ठी आली. स्विचच्या वहीत अजून जुनीच नोंद आहे, तर चिठ्ठी जाईल कुठं? आणि स्विचला आपली चूक कधी कळेल? उत्तर पुढच्या अंकात.