कोन पॉली बे?

सात रस्त्याला उभं राहिलं की माणसाला सातातला कुठलाही रस्ता धरता येतो; फक्त शहाणपणाचा तेवढा सापडत नाही. हे मी परवाच्या २४ एप्रिलला पुन्हा एकदा पडताळून पाहिलं.

सकाळी सकाळी चहाच्या टपरीवर जो तो आपला मोबाइल दुसऱ्याच्या नाकापुढं धरत होता. सचिनचा वाढदिवस! गडी २०१३ च्या नोव्हेंबरात बॅट ठेवून घरी गेला, पण टपरीवर अजून नाबाद आहे. ज्यांना बायकोचा वाढदिवस तिनं तोंड फुगवल्यावर आठवतो, त्यांनी रात्री बाराच्या ठोक्याला ‘हॅपी बर्थडे देवा’ टाकलेलं!

माझं सचिनशी भांडण नाही. १५,९२१ कसोटी धावा करणाऱ्याशी भांडेल असा कारकून अजून कुठल्याही बँकेत भरती झालेला नाही. माझं भांडण टपरीशी. मी आपलं सहज विचारलं, ‘‘आणि आपल्या पॉलीचा वाढदिवस कधी असतो हो?’’

‘‘कोन पॉली बे?’’

एक रिक्षावाला मदतीला धावला. ‘‘पॉलिटेक्निक म्हनायलेत साहेब. चला, सोडतो.’’

अहो, पॉली म्हणजे पहलन रतनजी उम्रीगर! जन्म सोलापूरचा, १९२६ सालचा. भारताने इंग्लंडला पहिल्यांदा हरवलं ते मद्रासला, १९५२ साली. त्यात याच्या नाबाद १३०. कसोटीत द्विशतक ठोकणारा पहिला भारतीय हाच. १९५५, हैदराबाद, न्यूझीलंडविरुद्ध २२३. १९६२ साली पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजच्या तोफखान्यापुढं एकाच सामन्यात ५६, नाबाद १७२ आणि वर पाच बळी! निवृत्त झाला तेव्हा सर्वांत जास्त कसोट्या, धावा आणि शतकं, तिन्ही खात्यांत भारतातर्फे हाच पहिला. ५९ कसोट्या, ३,६३१ धावा, १२ शतकं. मी हे सगळं एका दमात सांगितलं. चहा गार झाला.

‘‘त्याचं रील हाय का?’’ एकाने विचारलं.

इथं माझं डोकं फिरलं. म्हणजे माणूस मोठा की त्याची फीत? बँकेत आम्ही खात्यात शिल्लक बघतो आणि मग चेक वटवतो. या मोबाइलच्या पेढीत सगळा उलटा कारभार! जो दिसतो त्याच्या नावावर जमा, जो दिसत नाही त्याचं खातंच बंद. अंगठा उचलून दाखवायला काही पडत नाही, म्हणून उचलायचा. याला प्रेम म्हणत असाल तर आमच्या शाखेतला रबरी शिक्काही दिवसाला शेकडो लोकांवर प्रेम करतो!

आणि गंमत ऐका. क्रिकेट मंडळाने वर्षातल्या उत्तम खेळाडूसाठी पॉली उम्रीगर पुरस्कार काढला. २००६-०७ सालचा पहिला मान कुणाला मिळाला? तुमच्या देवालाच! देवाने ज्याच्या नावाचं बक्षीस घेतलं, तो आपल्या गावचा. आणि गावात त्याला कुणी ओळखत नाही, रिक्षावाल्यासुद्धा!

‘‘मग साहेब, तुम्ही काय टाकलं होतं त्याच्या वाढदिवसाला?’’ टपरीवाल्याने कप विसळत विचारलं.

मी गप्प. पॉलीचा वाढदिवस २८ मार्चला. मार्चअखेर! त्या आठवड्यात बँकवाल्याला स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ.

त्या रात्री महिनाभर उशिरा का होईना, मी पॉलीचा फोटो स्टेटसला लावला. तिघांनी पाहिला. एक विमा एजंट, एक मेहुणा. आणि तिसरी आमची ही, स्वयंपाकघरातून ओरडली, ‘‘अहो, हे कोण? तुमच्या बँकेतले का? वारले?’’