व्रताचा हिशेब

सावित्रीची कथा म्हणजे व्रताच्या फळाची हमी, अशी समजूत आपल्याकडे दृढमूल झालेली आहे. पत्नीनें उपवास करावा, वडाला सूत गुंडाळावें आणि दैवानें मोबदला म्हणून पतीचें आयुष्य मोजून द्यावें! हा व्यवहार दिसावयास निरुपद्रवी आहे. परंतु फळ जर व्रताचें, तर फळ न मिळणें हा व्रत करणारीचाच दोष ठरतो. ज्येष्ठी पौर्णिमेस माहुलीच्या पायथ्याशीं, आमच्या आसनगावाकडे, वडाला फेरे घालणाऱ्या बायकांत गेल्या वर्षीं असलेली एखादी या वर्षीं नसते. तिच्या शोकावर ‘व्रतांत कांहीं चुकलें असेल’ हा पश्चात्तापही लादला जातो. आमचा आक्षेप या लादण्यावर आहे.

वनपर्वांत सावित्री तीन रात्रींचें व्रत करते, हें खरें. पण यमाला नमवितें तें तिचें धर्माला धरून केलेलें बोलणें. यम तिला सासऱ्याची दृष्टि, त्याचें राज्य, पित्यास १०० पुत्र आणि तिला स्वतःस १०० पुत्र असे चार वर देतो. प्रत्येक वेळीं ‘सत्यवानाचें जीवित वगळून’ अशी अट घालतो. पांचव्या वेळीं ती अट राहून जाते, आणि सावित्री त्याला त्याच्याच शब्दांत पकडते. यास शरणागति कोण म्हणेल?

युरिपिडीसच्या ‘अल्केस्टिस’ नाटकांत (ख्रि. पू. ४३८) अ‍ॅड्मीटसास आपल्या मरणाच्या बदलीं दुसरा माणूस देण्याची मुभा मिळते, वृद्ध मातापितरें नाकारतात, पत्नी मरण पत्करते आणि तो मागाहून हळहळतो. या सौद्याची किंमत कोणीं मोजली, हें आमच्या सुशिक्षितांस तत्काळ दिसतें. घरच्या कथेपुढें मात्र त्यांची टीकादृष्टि मिटते.

श्रद्धेनें धीर येतो, असें कोणी म्हणेल. येवो, फेरे घालणारीनें ते अवश्य घालावे. परंतु त्याच महाभारतांत गांधारीही आहे. अंध पतीसाठीं जन्मभर डोळे बांधून राहिलेल्या त्या साध्वीच्या पातिव्रत्यांत उणें कोण काढील? तरी स्त्रीपर्वांत तिचे १०० पुत्र रणांत पडलेले आहेत आणि सुना विधवा आहेत. आपलें पूर्वजन्मींचें पाप असेल, असें तिलाही वाटतें. पण तेवढ्यावर न थांबतां ती प्रत्यक्ष कृष्णास जाब विचारते आणि ३६व्या वर्षीं यदुकुलाच्या नाशाचा शाप देते. पतिसेवेनें जोडलेलें तिचें तप शापास पुरतें. पुत्रांचे प्राण राखण्यास पुरलें नाहीं.

सावित्रीचें यश आणि गांधारीचा शोक एकाच ग्रंथांत ठेवणाऱ्या व्यासांनीं व्रत आणि आयुष्य यांचा जमाखर्च मांडलेला नाहीं. ज्यांनीं तो मांडला, त्यांनीं विधवेच्या दारीं बाकी मागावयास जाऊं नये.