‘अरबी रक्त’ म्हणजे नेमकं काय, शेठ?

दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी यात्रा भरली की जळगाव-धुळ्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर घोडे धावू लागतात. (जिल्हा आज नंदुरबार, पण 1998 पर्यंत ते धुळ्यातच होतं.) अमक्या घोड्याची किंमत कोटीत, तमकी घोडी हलगीवर नाचते, आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: ‘अरबी रक्त आहे!’ माझं भांडण या वाक्याशी आहे. घोड्यांशी नाही, यात्रेशी तर नाहीच.

अरबी घोडा आपल्याकडे आला, यात शंका नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात त्याचा व्यापार मुठीत ठेवला होता. विजयनगर आणि विजापूर, दोघंही गिऱ्हाईक. पण तेव्हा बंदरावर अरबी घोडे उतरले, म्हणून आज ट्रकमधून उतरलेला घोडा अरबी ठरत नाही. सारंगखेड्यात दिसतात ते मुख्यतः मारवाडी, काठेवाडी आणि पंजाबकडचे नुकरे. मारवाडीचे कान आत वळून टोकाशी भिडतात. अरबी घोड्याची ओळख वेगळी: डोळ्यांखाली खोलगट झालेला चेहरा आणि उंच धरलेली शेपटी. विकणारा मात्र भिडलेले कान दाखवतो आणि अरबस्तान सांगतो.

ज्या बेदुइन टोळ्यांनी हा घोडा वाळवंटात जोपासला, ते वंश आईकडून मोजत. कुहैलान, सक्लावी, अबय्यान ही घराण्यांची नावं शिंगराला घोडीकडून मिळत. 1878 मध्ये ॲन आणि विल्फ्रिड ब्लंट हे इंग्रज जोडपं अलेप्पो-बगदाद भागात घोडे घ्यायला गेलं, तेव्हा त्यांनाही याच हिशोबाने घोडे पारखावे लागले. आपल्याकडे बापाचं नाव ऐटीत सांगतात. आईचं विचारा, समोरचा चहा मागवतो.

‘तोंडी सांगितलेलं खोटंच असतं का?’ नसतं. पण ते तपासता येत नाही. डार्ली अरेबियन नावाचा घोडा 1704 मध्ये अलेप्पोहून इंग्लंडला गेला. आजच्या बहुतेक थरोब्रेड घोड्यांची बापाकडची साखळी त्याच्यापर्यंत पोचते. 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी वाय गुणसूत्र तपासलं, तर थरोब्रेडची ती साखळी अरबीपेक्षा मध्य आशियातल्या तुर्कमेन घोड्यांकडे झुकलेली निघाली. नावात अरेबियन, वंश भलतीकडचा! पण हे कळलं कशामुळे? 1791 पासून छापील वंशावळ होती, म्हणून. साखळी टिकली आणि चुकीचं लेबल पकडलं गेलं. आपल्याकडे फक्त लेबल आहे.

‘शौकाला कागद कशाला, भाऊ?’ असं म्हणणाऱ्यांना विचारतो: कर्ज काढून वरातीसाठी घोडी घेणाऱ्याचं काय? त्या दोन शब्दांचे जास्तीचे पैसे तो मोजतो. दुसरं नुकसान त्याहून मोठं. चांगला घोडा दिसला की तो ‘अरबी’, म्हणजे मारवाडी आणि काठेवाडीचं श्रेय परस्पर अरबस्तानला. मराठ्यांच्या फौजेतली भीमथडी तट्टं इतकी नावाजलेली, पण त्यांना स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली ती आत्ता-आत्ता.

उपाय अवघड नाही. महालक्ष्मीवर धावणाऱ्या थरोब्रेडची नोंदवही पुण्यात ठेवली जाते. शिंगराचा डीएनए आईबापाशी जुळवतात, अंगात मायक्रोचिप बसवतात. मारवाडीची नोंद ठेवणारी संस्थाही देशात आहे. मग चेतक फेस्टिव्हलच्या मांडवावर आणि रोषणाईवर खर्च होतो, त्यातला थोडा यावर का नको? यात्रेत नोंद करतानाच आयाळीचे मुळासकट चार केस घ्या, चिप बसवा, घोडीचं नाव लिहा. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडची एक ओळ कुणी, कधी बदलली तेही नोंदवतो. लाखोंच्या जनावराला एवढंही मिळू नये? पहिल्या वर्षी ती नुसती यादी असेल. दहा वर्षांनी खानदेशात तिलाच वंशावळ म्हणतील.

तोवर कुणी ‘अरबी रक्त’ म्हणालं, तर पैसे काढण्याआधी एवढंच विचारा: आई कोण, आणि लिहून कुठे ठेवलंय?