रागामागची काळजी ओळखा

"डॉक्टर, यांचा राग आवरत नाही, एखादी गोळी द्या," असे ईटच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका हमखास म्हणतात. रागावर गोळी नाही. 'राग गिळा' किंवा 'ओरडून मोकळे व्हा' हे दोन्ही सल्ले मला पटत नाहीत. ओरडून राग उतरत नाही, ओरडण्याची सवय लागते. त्यापेक्षा जागा सोडावी, श्वास सावकाश घ्यावा आणि शांत झाल्यावर बोलावे. हे शेवटचेच आपण टाळतो.

मात्र एरवी शांत असलेला माणूस दोन आठवडे सतत चिडू लागला, झोपेना, जेवेना, तर त्याला 'स्वभाव' म्हणू नये. पुरुषांचे नैराश्य पुष्कळदा रागाच्या रूपाने दिसते. कर्ज, नापिकी तोंडाने सांगवत नाही. मग भाजीत मीठ कमी पडल्याचे निमित्त होते. शेतकरी कुटुंबांतील ही घुसमट वेळीच ओळखावी म्हणून २०१५ साली आपल्या जिल्ह्यासह १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला. आता १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतूनही बोलता येते. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.

हात उगारला जात असेल, तर समजूत घालत बसू नये. ११२ वर पोलिसांना बोलवावे.