जमा-नावे : एका वाचिकेची वही

वारणाकाठच्या एका बाजाराच्या गावात गूळ आणि धान्याची आडत चालविणारे जुने घर आहे. त्या घरातील ज्येष्ठ बाई आता सत्तरीला आल्या आहेत. पेठेत त्यांना सर्वजण काकी म्हणतात. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, मंदिरातील आरती होते आणि पुढची सारी संध्याकाळ मोकळी राहते. ती वेळ काकी वाचनात घालवितात. मराठी पुस्तके त्या स्वतः वाचतात. इंग्रजी पुस्तके महाविद्यालयात शिकणारी नात मोठ्याने वाचून दाखविते आणि अडेल तेथे अर्थ सांगते.

दुकानाचा हिशेब संगणकावर गेला तेव्हा लाल कापडी बांधणीच्या काही कोऱ्या वह्या तशाच उरल्या होत्या. त्यांतली एक काकींनी उचलली. प्रत्येक पुस्तकाला त्यात दोन पाने मिळतात, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. पुस्तकाने जे दिले ते जमेस, आणि पुस्तकाने जे घेतले, म्हणजे वेळ, धीर, क्वचित झोप, ते त्याच्या नावे. आपल्याकडे पुस्तकांविषयी जे छापून येते ते पुष्कळदा लग्नपत्रिकेसारखे गोडच असते. काकींच्या वहीत तसा गोडवा नाही, कारण ती कुणी वाचावी म्हणून लिहिलेली नाही.

भाच्याने दिवाळीत भेट दिलेल्या, यशाची सूत्रे सांगणाऱ्या एका पुस्तकाचा निकाल तीत एका वाक्यात लागला आहे. ‘या लेखकाने आयुष्यात कधी उधारी वसूल केलेली दिसत नाही.’ पुस्तक तिसाव्या पानावर मिटले गेले आणि वरच्या फळीवर ठेवले गेले. भाचा आला की ते खाली काढून ठेवण्यात येते.

नंदा खरे यांच्या ‘उद्या’ या कादंबरीला त्यांनी अधिक मान दिला आहे, परंतु प्रेम दिलेले नाही. 2020 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला जाहीर झाला आणि लेखकाने तो नाकारला, ही बातमी वाचून काकींनी ती मागविली होती. माणसांची माहिती हाच जेथे विक्रीचा माल झाला आहे अशा उद्याच्या जगाचे ते चित्र. जमेच्या बाजूला लिहिले आहे की गिऱ्हाईक काय घेते, कधी घेते आणि उसने कधी मागते हे पूर्वी एकट्या दुकानदाराला ठाऊक असे, आणि ते पोटात ठेवणे हीच त्याची पत होती. नावे बाजूला एवढेच की पुस्तक थंड आहे, आणि पात्रांपैकी कुणाच्या घरी चहाला जावेसे वाटले नाही. (काकी चहा घेत नाहीत, हा भाग वेगळा.)

रंगनाथ पठारे यांचा ‘सातपाटील कुलवृत्तांत’ हा ग्रंथ 2019 मध्ये आला. एका मराठा घराण्याचा सातशे वर्षांचा विस्तार त्यात कादंबरीच्या रूपाने मांडला आहे. पाने आठशेच्या घरात. काकींना तो संपवायला संपूर्ण चातुर्मास लागला. वाटेत दोन वेळा त्यांनी तो सोडून देण्याचे ठरविले होते, तेही प्रामाणिकपणे नोंदविलेले आहे. ‘जेथे चार पानांत भागले असते तेथे चाळीस खर्च केली. आडतीवर असा खर्च केला असता तर दुकान राहिले नसते.’ मात्र कुळ म्हणजे एका शुद्ध रक्ताची सरळ रेघ नव्हे, निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या स्त्रियांनी ते घडविलेले असते, ही गोष्ट त्यांनी ठळकपणे जमेस धरली आहे. त्याखाली एक नोंद आहे. मंदिराच्या महोत्सवात त्यांच्या घराची वंशावळ छापली गेली होती, तीत अकरा पिढ्यांचे पुरुष आहेत आणि मुलगी एकही नाही. ‘तपासून पाहिली. खरेच एकही नाही.’ यावर काही भाष्य केलेले नाही.

विल्यम डॅलरिंपल यांचे ‘द गोल्डन रोड’ (2024) हे पुस्तक घरात आले ते एका जुन्या ओळखीमुळे. त्यांच्या ‘नाइन लाइव्हज’ (2009) मधील पहिले प्रकरण श्रवणबेळगोळ येथे भेटलेल्या एका दिगंबर माताजींविषयी आहे. सहचारिणी माताजींनी सल्लेखना घेतली, आणि सर्व मोह सोडलेल्या या माताजींना त्या सखीच्या वियोगाचे दुःख सोडता आले नाही. ते प्रकरण काकींनी नातीकडून तीन वेळा वाचून घेतले होते. बाहेरच्या माणसाने इतक्या आदराने लिहावे याचे त्यांना नवल वाटले होते, म्हणून नवे पुस्तक मोठ्या अपेक्षेने उघडले गेले.

‘द गोल्डन रोड’ हे प्राचीन भारतातून बाहेर गेलेल्या व्यापाराचे, धर्माचे आणि गणिताचे पुस्तक आहे. ते वाचले जात असता प्रथमच काकींचा मुलगाही दुकान बंद करून शेजारी येऊन बसू लागला. विशेषतः व्हिएन्ना येथे जपून ठेवलेल्या एका पपायरसवरील कराराचा भाग. दुसऱ्या शतकात केरळच्या मुझिरिस बंदरातून ‘हर्मापोलोन’ नावाचे जहाज हस्तिदंत, जटामांसी आणि कापड घेऊन इजिप्तकडे गेले. त्या मालाची किंमत रोमन चलनात सुमारे सत्तर लाख सेस्टर्स भरली, आणि त्यावर रोमची जकात होती चौथा हिस्सा. पंचवीस टक्के ऐकल्यावर मुलाने जो उद्गार काढला तो वहीत आहे, येथे देता येत नाही. पिसाच्या व्यापाऱ्यांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा मुलगा फिबोनाची याने 1202 मध्ये भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात व्याजाची, अदलाबदलीची, नाण्यांची उदाहरणे घातली, हेही सर्वांना आवडले. काकींनी लिहिले आहे की आपले शून्य येथून निघून जग फिरले आणि संगणक होऊन परत आल्यावर त्याने पहिल्यांदा आपलीच वही बंद केली.

नावे बाजूही मोकळी नाही. लेखकाचा उत्साह पुष्कळ ठिकाणी वकिलासारखा होतो, उलट बाजूचा साक्षीदार तो फार वेळ उभा राहू देत नाही, असे त्यांचे मत पडले. गणिताच्या भागात आर्यभट व ब्रह्मगुप्त यांचा थाट आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, ‘गणितसारसंग्रह’ रचणारे महावीराचार्य यांना स्वतंत्र प्रकरण मिळावयास हवे होते, अशी तक्रार आहे. ज्या ग्रंथात व्याजाचा आणि सोन्याच्या कसाचा हिशेब आहे, त्याची आठवण व्यापाराच्या पुस्तकाने ठेवू नये काय, असा तो प्रश्न. या तक्रारीत थोडा घरचा अभिमान मिसळला आहे. नातीने तसे म्हटलेही. काकींनी ते मान्य केले आणि तक्रार कायम ठेवली.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीची पाने मात्र वेगळ्या हाताने लिहिल्यासारखी दिसतात. 2023 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणासाठी उठविलेल्या गावाची आहे. मागे राहिलेली म्हैस आणण्यासाठी एक माणूस पुन्हा त्या रानात जातो, आणि ती म्हैस आता कुणाचीच राहिलेली नसते. काकींना ही भाषा शिकावी लागली नाही. चांदोली धरणामुळे उठलेली माणसे खाली वसविली गेली तेव्हा त्यांतील काही घरांची खाती याच दुकानात होती, आणि हीच बोली त्यांनी गादीच्या मागच्या दारातून वर्षानुवर्षे ऐकली होती. ‘ही माणसे मीठ घेताना इतका वेळ का उभी राहत, ते आता समजले. त्यांना बोलायचे असे. आम्ही पुढचे गिऱ्हाईक बघत होतो.’ जीवदयेवर आपण पांजरपोळाच्या वार्षिक सभेत बोलतो, त्यापेक्षा या एका म्हशीने अधिक विचार करावयास लावले, असेही लिहिले आहे. नावे बाजूला काही नाही. मधल्या भागात पुनरावृत्ती आहे असे नात म्हणाली होती, ते काकींनी नोंदविले आणि पुढे खोडले.

शेवटचे पुस्तक बानू मुश्ताक यांचे ‘हार्ट लॅम्प’. कर्नाटकातील मुस्लिम स्त्रियांच्या या बारा कन्नड कथा, दीपा भास्ती यांनी इंग्रजीत आणलेल्या, आणि मे 2025 मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. लेखिका हासनच्या. श्रवणबेळगोळ हासन जिल्ह्यातच असल्याने ते नाव काकींच्या घरी लहान मुलालाही ठाऊक आहे. भाषांतरात कन्नड आणि उर्दू शब्द तळटीपेविना तसेच ठेवले आहेत, त्यामुळे नात अडखळे. काकींचे माहेर सीमेपलीकडचे, शाळा कन्नड. त्याच उलट नातीला शब्दांचे अर्थ सांगू लागल्या.

सर्वच कथा त्यांना आवडल्या असे नाही. काही कथांत लेखिका वाचकाचा हात फार घट्ट धरते, असे त्यांना वाटले. हजला निघालेल्या श्रीमंत बाईकडे एक गरीब म्हातारी झमझमच्या पाण्यात भिजविलेले कफन आणण्यासाठी पैसे देते आणि ती बाई विसरते, ही कथा ऐकून शेजारच्या दोघी-तिघी यात्रेच्या आठवणी काढून गप्प झाल्या. परंतु काकींची पाने भरली आहेत ती ‘फायर रेन’ या कथेने. बहीण वडिलांच्या मालमत्तेतील वाटा मागते. भाऊ मशिदीचा कारभारी, समाजातला मोठा माणूस. एका मुसलमानाचा देह चुकून हिंदूंच्या स्मशानात पुरला गेल्याचे प्रकरण उद्भवते आणि तो मोठ्या उमेदीने त्या धर्मकार्यात उडी घेतो. बहिणीचे मागणे मागे पडते.

त्या आठवड्यात काकींच्या घरी पेठेतील जुन्या गोदामाच्या विक्रीचा व्यवहार ठरत आला होता. गोदाम सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले, त्यांच्याच नावावर. अपत्ये तीन, दोन मुलगे आणि एक मुलगी. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने, जो जैनांनाही लागू आहे, बापाच्या अशा मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीने आली. घरात हे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. म्हणूनच हक्कसोडपत्र टंकलिखित होऊन तयार होते. वन्संची सही तेवढी बाकी होती, आणि ती होणार हे सर्वांनी धरले होते.

काकींनी 1997 मध्ये अशीच सही केली होती. वडील गेल्यावर भावांबरोबर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेल्या. परतताना भावाने उत्तम इरकल घेऊन दिले. ते भाऊ आजही भाऊबीजेला स्वतः येतात आणि काकींच्या मनात त्यांच्याविषयी राग नाही. वहीत एवढेच आहे की सही कोठे करावयाची ते बोटाने दाखविले गेले, वर काय लिहिले आहे ते वाचून दाखविले गेले नाही, आणि आपणही विचारले नाही.

कथा संपल्यावर दोन दिवसांनी त्यांनी वन्संना बोलावून घेतले. जेवणे झाल्यावर नातीला सांगितले की आज पुस्तक नको, तो कागद वाच. नातीने हक्कसोडपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. मुलाला हे रुचले नाही, परंतु तो बसून राहिला.

वन्सं म्हणाल्या, “सहीला मी कधी नाही म्हणाले का, वैनी?”

“नाही म्हणाला नाहीत. कुणी विचारलंच नव्हतं.”

थोड्या वेळाने वन्संनी विचारले, “माझा वाटा किती येतो?”

दुकानात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या मुलाने हा आकडा कधी काढलेला नव्हता. त्याने मोबाइल काढला, तिसरा हिस्सा केला आणि सांगितला. वन्संच्या नातवाच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जापेक्षा ती रक्कम मोठी होती. वन्संनी चष्मा काढून पुसला, कागदाची घडी घातली आणि घरी जाऊन पुन्हा एकदा वाचते म्हणाल्या.

कागद अद्याप त्यांच्याकडेच आहे. दलालाचे दोन फोन येऊन गेले. ‘हार्ट लॅम्प’च्या उजव्या पानावर काकींनी नावे असे लिहून पुढे रकमेची जागा कोरी ठेवली आहे, आणि फळीवरून पुढचे पुस्तक काढले आहे.