जुन्या इंजिनाचा जीर्णोद्धार व त्याचा तोल

घर, विहीर आणि देऊळ यांचा जीर्णोद्धार कसा करावा हें आपल्या वाडवडिलांस चांगलें ठाऊक होतें. पाया शाबूत आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून ते चुन्यास हात लावीत नसत. यंत्राच्या जीर्णोद्धाराविषयीं मात्र आपल्या सुशिक्षित कुटुंबांत अद्यापि औदासीन्य दिसतें. मोटार धूर ओकूं लागली, तेल पिऊं लागली, कीं मिस्तरीस बोलावणें जातें. मिस्तरी 'इंजिनाचें काम निघालें' एवढें म्हणून एक ठोक आंकडा सांगतो. आणि घरांत दोन तट पडतात. वडील माणसें म्हणतात, गाडी ठेवावी. तरुण म्हणतात, विकून टाकावी. भावना दोन्ही पक्षांपाशीं असते, माप एकाहीपाशीं नसतें. तें माप कसें घ्यावें आणि एकत्र कुटुंबाचा पैसा कोठें खर्चावा, एवढ्याचाच विचार या महिन्याच्या सदरांत करूं.

उदाहरणासाठीं मुंबईच्या उपनगरांबाहेर जाण्याचें कारण नाहीं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. इटलीच्या फियाट गाडीच्या नमुन्यावर बनणाऱ्या तिच्या मोटारीस १९७४ मध्यें 'प्रीमिअर पद्मिनी' हें नांव मिळालें. सन २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. आणि टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें ऑक्टोबर २००३ मध्यें नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. खासगी पद्मिनी मात्र घाटकोपर-मुलुंडकडील सोसायट्यांच्या आवारांत अजून क्वचित् दृष्टीस पडते. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर व पिस्टनची वरखालची धांव ७५ मिलिमीटर. गणिताची हौस असलेल्या वाचकांनीं घनफळ काढून पाहावें. तें १,०८९ घनसेंटिमीटर भरेल.

इंजिन उघडण्यापूर्वीं त्याची नाडी पाहिली पाहिजे. धुराचा रंग ही पहिली खूण. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे, व तो दोष बहुधा कार्बोरेटरचा असतो. गाडी चांगली तापल्यावरहि दाट पांढरा धूर सुटत राहिला तर आंत पाणी शिरत असल्याचा संशय घ्यावा. दुसरी खूण कॉम्प्रेशनची. इंजिन गरम करून चारही प्लग काढावे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, आणि स्टार्टरनें इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर पाहून लिहून घ्यावा. ज्याचा दाब कमी भरेल त्यांत चमचाभर तेल सोडून पुनः मोजावें. दाब वाढला तर दोष रिंगांचा वा सिलिंडरच्या झिजेचा. न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच खालावला असेल तर मधलें हेड-गॅस्केट फुटलें असण्याचा संभव अधिक. ही परीक्षा तासाभराची आहे. परंतु संपूर्ण इंजिन उतरवावें लागणार कीं नुसत्या हेडच्या कामावर भागणार, हें तिनेंच कळतें.

उघडण्यावांचून गत्यंतर नसेल तर पहिलें काम धुण्याचें आणि दुसरें मोजण्याचें. सिलिंडर वरच्या भागीं, जेथें रिंगांची धांव संपते तेथें, अधिक झिजतो, आणि झिजतांना गोलहि राहत नाहीं. म्हणून वर, मध्यें व खालीं, प्रत्येक ठिकाणीं दोन दिशांनीं, अशीं एका सिलिंडरचीं सहा मापें घ्यावीं लागतात. झीज मर्यादेबाहेर गेली असेल तर सिलिंडर बोर करून ठराविक टप्प्याचे मोठे पिस्टन बसवितात. पिस्टन आधीं आणावे आणि मग त्यांच्या प्रत्यक्ष मापानें बोर करावें. उलट क्रम धरल्यास फटीचा हिशेब चुकतो. येथेंच खर्चाचें एक मर्म आहे. ओरखडा एकाच सिलिंडरवर असला तरी बहुधा चारही बोर करावे लागतात व चारही पिस्टन नवे घ्यावे लागतात. बोर केल्यानें गाडीची शक्ति पुष्कळ वाढते ही समजूत मात्र खोटी आहे. ६८ चा व्यास ६८.६ केला तरी घनफळ सुमारें १,१०९ होतें. म्हणजे शेंकडा दोन टक्केहि वाढ नाहीं. क्रँकशाफ्टची गोष्ट उलट: तो झिजला असेल तर घासून लहान करतात आणि त्या मापाचीं जाड बेअरिंगें बसवितात.

आतां तोलाकडे वळूं. समतोल हा शब्द आपण बहुधा स्वभावाविषयीं योजतों. त्याचा मूळ अर्थ सारखें वजन. चार सिलिंडरांच्या इंजिनांत दोन पिस्टन वर जातात तेव्हां दोन खालीं येतात आणि एकमेकांचे धक्के जिरवितात. पण हें जिरणें चौघांचें वजन सारखें असेल तरच. समजा, एक पिस्टन इतरांहून दहा ग्रॅमनें जड आहे. दोन चहाचे चमचे साखर, एवढेंच तें वजन. परंतु क्रँकची त्रिज्या साडेसदतीस मिलिमीटर धरली, तर मिनिटास दोन हजार फेऱ्यांच्या वेगीं तो फरक सुमारें १.७ किलोच्या जोरानें इंजिनास हिसडे देतो, आणि चार हजार फेऱ्यांवर ६.७ किलोच्या जोरानें. वेग दुप्पट, तर हिसडा चौपट. आणि तोहि सेकंदास सहासष्टांहून अधिक वेळां. नवीं बेअरिंगें अकालीं झिजविण्यास आणि बोल्ट सैल करण्यास एवढें पुष्कळ आहे.

तोल साधण्याची रीति अशी. चारही पिस्टन पिनांसह सूक्ष्म तराजूवर ठेवून सर्वांत हलका तो प्रमाण मानतात व इतरांतून, जेथें ताण कमी तेथून, धातु तासून काढतात. कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही टोकांचीं वजनें निरनिराळीं घ्यावीं लागतात. कारण लहान टोक पिस्टनबरोबर वरखालीं धांवतें आणि मोठें टोक क्रँकबरोबर गोल फिरतें. मग क्रँकशाफ्ट यंत्रावर फिरवितात. प्रथम एकटा, नंतर फ्लायव्हीलसह, शेवटीं क्लचच्या प्रेशर प्लेटसह. आणि जड बाजूस उथळ भोंक पाडून वजन उतरवितात. व्ही आकाराच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनास या वेळीं क्रँकवर नकली वजनें बांधावीं लागतात. सरळ चार सिलिंडरांस तीं लागत नाहींत, म्हणून काम सुटसुटीत होतें. प्लेट व फ्लायव्हील यांवर खूण करून घ्यावी, म्हणजे जोडणींत त्यांची जागा बदलत नाहीं.

या तोलाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. कनेक्टिंग रॉड फिरतांना तिरका होतो, त्यामुळें पिस्टनची गति वर व खालीं सारखी राहत नाहीं, आणि फेऱ्यांच्या दुप्पट गतीचा एक कंप चार सिलिंडरांच्या इंजिनांत उरतोच. लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानें त्यावर दुप्पट वेगानें उलटसुलट फिरणाऱ्या दोन दांड्यांची योजना शोधून काढली. ज्या गाडींत ती नाहीं तिचा हा कंप कोणताही मिस्तरी काढूं शकणार नाहीं. तो सोसण्यासाठीं इंजिनाखालीं रबरी माउंटिंग असतात. तीं कडक झालीं कीं निर्दोष इंजिनहि थरथरतें. तेव्हां तोलाच्या कामास हात घालण्यापूर्वीं हें स्वस्त रबर आधीं पाहावें.

खर्चाविषयीं ठोक आंकडा ऐकून कधींही मान डोलावूं नये. उतरविण्या-जोडण्याची मजुरी, लेथ-कारखान्याचें काम, सुटे भाग, आणि उघडल्यानंतर निघणारें जास्तीचें काम, अशीं चार कलमें निरनिराळीं लिहून मागावीं. दुरुस्तीच्या मजुरीवर शेंकडा अठरा जी. एस. टी. आहे व सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरहि तोच दर आहे. तो धरला आहे कीं नाहीं हें विचारावें. चौथें कलम उघडण्यापूर्वीं कोणालाच सांगतां येत नाहीं, म्हणून मापांचा कागद हातीं येईपर्यंत पुढील कामास संमति देऊं नये. तोलाचें काम अनेकांस चैन वाटतें व खर्च कापतांना प्रथम त्यावरच कात्री चालते. परंतु इंजिन उघडें असतां त्याला निराळी उतरविण्याची मजुरी पडत नाहीं; तेंच पुढें करावयाचें ठरल्यास पहिल्या कलमाचा सर्व पैसा दुसऱ्यांदा द्यावा लागतो. कापावयाचेंच असेल तर रंग, पॉलिश आणि नवीं आसनें यांवर कापावें.

कायद्याकडेहि लक्ष असावें. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं व पुढें दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते. इंजिन नवें केल्यानें ही मुदत वाढत नाहीं. ब्लॉकच बदलला तर इंजिनाचा क्रमांक बदलतो आणि त्याची नोंद आर. टी. ओ. च्या पुस्तकांत झाली पाहिजे. शिवाय जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांतल्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येतें. तेथें चासी, बॉडी वा इंजिन यांत फेरफार केलेला चालत नाहीं, आणि अशी गाडी रोजच्या वापरास काढतां येत नाहीं. पद्मिनी नांवाच्या पहिल्या गाड्यांनीं आतां ती पन्नाशी ओलांडली आहे. म्हणून शक्य तोंवर मूळचाच ब्लॉक राखावा.

गाडी परत आल्यावर पहिले पांचशें किलोमीटर तिला फार पळवूं नये, एकाच वेगानें फार वेळ चालवूं नये, आणि जागीं उभी ठेवून इंजिन तासन् तास चालूं ठेवूं नये. नव्या रिंगा भिंतीशीं बसण्यास दाबाची चढउतार लागते. त्यानंतर तेल बदलावें, कारण पहिल्या तेलांत धातूचा कीस उतरतो.

ज्या घरीं हा वाद चालूं असेल तेथील मंडळींनीं निर्णय घेण्यापूर्वीं तीन कागद समोर ठेवावे: कॉम्प्रेशनचे चार आंकडे, चार कलमांचा अंदाज, आणि नोंदणीच्या मुदतीची तारीख. ते पाहून गाडी ठेवावयाची ठरली तर तोलासह काम करावें. विकावयाची ठरली तर ते कागद घेणाऱ्याच्या हातीं द्यावे. दोहोंपैकीं कांहींहि झालें तरी वडिलांस आणि तरुणांस एकमेकांचें म्हणणें समजण्यास त्यांची मदत होईल.