बदलीचा आदेश : गोंदिया

बदल्यांच्या यादीत नावापुढे ‘गोंदिया’ दिसले की आपल्या खात्यात आजही सांत्वनाचे फोन येतात. पुण्या-ठाण्याचा राज्यकर अधिकारी आधी एकस्तर वेतनश्रेणीची चौकशी करतो, मग विदर्भ एक्स्प्रेसचे तिकीट पाहतो आणि ‘दोन-तीन वर्षे काढायची’ असे ठरवून सामान बांधतो. करधोरणात काही करायचे तर माझगावला किंवा मंत्रालयात वित्त विभागात बसायला हवे, जिल्ह्यात फक्त नोटिसा काढायच्या आणि थकबाकीची वसुली दाखवायची, हा समज नव्या सहायक आयुक्तांपासून निवृत्तीला टेकलेल्यांपर्यंत सगळीकडे पक्का आहे. आम्हाला तो मान्य नाही. धोरणाची टिप्पणी लिहिणाऱ्याने एकदा तरी धानाच्या जिल्ह्यात काम केलेले असावे आणि ते त्याच्या पदोन्नतीत मोजलेही जावे, असे आमचे म्हणणे आहे.

विक्रीकराचा आपला इतिहास याच बाजूने बोलतो. 1938 साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने मोटार स्पिरिट आणि वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर 5 टक्के कर बसवला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात. हे नाव बदललेले उत्पादन शुल्कच आहे आणि तो अधिकार आमचा, असे केंद्राचे म्हणणे. गव्हर्नर जनरलने प्रश्न नव्या फेडरल कोर्टाकडे सल्ल्यासाठी पाठवला. त्या कोर्टापुढचे हे पहिलेच प्रकरण. सर मॉरिस ग्वायर, शाह सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर या तिघांनीही डिसेंबर 1938 मध्ये प्रांताच्या बाजूने मत दिले. पुढच्या वर्षी मद्रासने सर्वसाधारण विक्रीकर आणला, 1946 मध्ये मुंबईने, 1947 मध्ये मध्य प्रांताने. राज्यांच्या तिजोऱ्या पुढे कित्येक दशके ज्या करावर चालल्या, त्याच्या अधिकाराची पहिली लढाई मुंबईने लढलेली नाही, नागपूरहून चालणाऱ्या प्रांताने लढली. खात्याच्या प्रशिक्षणात हे प्रकरण फारसे कोणी सांगत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

आता आजच्या गोंदियाकडे येऊ. भरडाईचे गणित इथल्या गिरणीतल्या हमालालाही तोंडपाठ असते. शासकीय धानाच्या 100 किलोमागे साधा तांदूळ 67 किलो, उष्णा 68 किलो. उरलेल्यात कोंडा, कणी आणि तूस. नव्या अधिकाऱ्याने गिरणीचे विवरणपत्र उघडण्याआधी विजेचे बिल मागवावे, किती धान भरडले त्याचा अंदाज तिथेच येतो. हे कोणत्याही परिपत्रकात शिकवले जात नाही. आणि कोंडा? तो गुरांच्या चाऱ्यासाठी गेला तर कर शून्य, तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटला गेला तर 5 टक्के. माल तोच, गिरणी तीच, ट्रकही कदाचित तोच. दर ठरतो तो ट्रक कोणत्या फाटकातून आत शिरला यावर. असा फरक टेबलावर बसून आखता येतो, पण तो पाळला गेला की नाही हे तपासायला फाटकापर्यंत जावे लागते.

भरडाईच्या मजुरीचेही तसेच. शेतीशी निगडित काम म्हणून ती करमुक्त आहे का, ही शंका जीएसटीच्या पहिल्या काही महिन्यांतच उभी राहिली. 20 नोव्हेंबर 2017 च्या परिपत्रकाने ‘नाही, 5 टक्के’ असे उत्तर दिले. रेशनच्या धानाचे काय, हा पुढचा प्रश्न सुटायला जून 2021 उजाडले. पुरवठ्यात वस्तूंचे मूल्य 25 टक्क्यांपर्यंत असेल तर माफी, त्यावर गेले तर 5 टक्के. ज्या जिल्ह्यात मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळाचे धान खरेदी केंद्रांवरून गिरण्यांपर्यंत पोहोचते, तिथल्या कोणत्याही अनुभवी कर सल्लागाराने हा दुसरा प्रश्न पहिल्याच हंगामात विचारला असता.

सगळ्यात बोलके उदाहरण कट्ट्याचे. 18 जुलै 2022 पासून नोंदणीकृत ब्रँडची अट गेली आणि आधीच बांधलेल्या, लेबल लावलेल्या तांदळावर 5 टक्के कर आला, मात्र 25 किलोपर्यंतच. ही मर्यादा वजन-मापाच्या नियमांतून उचललेली. तिथे तिचा हेतू ग्राहकाचे रक्षण हा होता, महसुलाचा नव्हता. परिणाम काय झाला? 26 आणि 30 किलोचे कट्टे बाजारात आले. लहान कुटुंबाने 10 किलो घेतले तर कर भरायचा, ज्याला मोठा कट्टा एकरकमी परवडतो त्याला सूट. यात कर चुकवला असे म्हणता येणार नाही, व्यापाऱ्याने कायदा वाचला इतकेच. पण ज्याने तांदळाच्या ठोक बाजारात चार दिवस काढले आहेत त्याला हे आधीच दिसले असते.

जीएसटी आल्यावर राज्याच्या हातात धोरण उरलेच काय, असे विचारणारे पुष्कळ आहेत. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे एकट्याने रेटणे कोणालाच शक्य नाही. अशा ठिकाणी मताइतकेच वजन तयारीला येते. दर सुचवणाऱ्या फिटमेंट समितीत राज्यांचे अधिकारीही बसतात. तिथे महाराष्ट्राचा अधिकारी कोंड्याबद्दल बोलताना आकडे घेऊन बोलतो की आडाख्याने, हे गोंदियाच्या कार्यालयातून कोणता कागद वर गेला यावर ठरते. आज जातात ते वसुलीचे तक्ते.

शिवाय राज्याच्या हातात काहीच नाही हेही खरे नाही. 1975 चा व्यवसाय कर आठवा. शहरातल्या पगारदाराकडून थोडे घेऊन ते रोजगार हमीच्या कामांवर खर्च करण्याची ती कल्पना पूर्णपणे महाराष्ट्राची, आणि वसुली आपल्याच खात्याची. राज्यघटनेच्या कलम 276 मधली वार्षिक 2,500 रुपयांची मर्यादा 1988 पासून तशीच आहे. पगार तेव्हा किती होते आणि आज किती आहेत हे सांगायला नको. ती वाढवून मागण्याचे टिपण कोणी लिहायचे?

तूर्त एक प्रश्न वाचकांपुढे ठेवतो, कारण तेंदूचा हंगाम एप्रिल-मेमध्ये येतो. तेंदूपत्त्यावर उलट आकारणी आहे. विकणारा कृषक असेल तर विकत घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने कर भरायचा. पण कायद्यातला कृषक म्हणजे जमीन कसणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब. गोंदिया-गडचिरोलीत वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकतात. ग्रामसभा व्यक्ती नाही, कुटुंबही नाही, आणि तेंदू कोणी पेरत नाही, तो रानात तोडला जातो. व्याख्या शब्दशः लावली तर नोंदणी, विवरणपत्रे आणि विलंबशुल्काचा सगळा भार देवरी-सालेकशाच्या एखाद्या टोल्यावरच्या ग्रामसभेवर येतो. तो कंत्राटदाराकडेच राहावा यासाठी अधिसूचनेत नेमका कोणता बदल करावा? गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर इथल्या अधिकाऱ्यांनी आणि कर सल्लागारांनी प्रत्येकी एका पानाचे टिपण मार्चअखेर पाठवावे. निवडक टिपणे आम्ही एप्रिलच्या अंकात छापू आणि तो अंक वित्त विभागाला पाठवू.